वाड्यावरचं फायबर: दोन पावसाळे काढल्यावर

दुकानात येणारा प्रत्येक दुसरा माणूस आधी साखर मागतो आणि मग विचारतो, "वहिनी, ते फायबर घेऊ की नको?" फायबर म्हणजे आमच्या वाड्यावर, म्हणजे वस्तीवर, काचेच्या वायरीतून येणारं इंटरनेट. सांगून सांगून माझं तोंड दुखलं. एकदाच लिहून ठेवते, वाचा आणि ठरवा.

कंपनीचं नाव लिहिणार नाही. वायर तुटली की मला फोन त्यांनाच करायचा आहे. शिवाय उद्या दुसरी कुठली कंपनी आली तरी तिची वायर याच पोफळींवरून, याच फणसाला वळसा घालून येणार. तेव्हा माझ्या तक्रारी त्या वाटेच्या आहेत असं समजा.

माझं दुकान गोव्यात, सत्तरी तालुक्यातल्या वाळपईहून अकरा किलोमीटरवर, म्हादई अभयारण्याच्या कडेला. एका बाजूला उकडे तांदूळ, मिठाचे पुडे, मेणबत्त्या. दुसऱ्या बाजूला प्रिंटर, झेरॉक्सचं मशीन आणि जुना कंप्युटर, त्यावर सासूबाईंनी विणलेलं झाकण. बायकांच्या गृह आधार योजनेचे अर्ज, दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेच्या म्हाताऱ्यांचे कागद, जमिनीचा एक-चौदाचा उतारा, दहावीचा निकाल, विजेचं बिल, सगळं इथे होतं. म्हणजे इंटरनेट मी पोटासाठी घेतलं आहे. सिनेमेही बघतो, पण ते रात्री शटर ओढल्यावर.

आधी काय होतं ते इथल्या माणसांना सांगायला नको. मोबाइलचा सिग्नल यायचा तो न्हाणीमागच्या पेरूखाली. फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून फांदीला टांगायचा आणि कंप्युटर त्या हॉटस्पॉटवर चालवायचा. उताऱ्याचं पान अर्धं उघडून थांबलं की गिऱ्हाईक आणि मी, दोघंही पेरूकडे बघत बसायचो. २०२० साली शाळा फोनवर आल्या तेव्हा सत्तरी आणि सांगे तालुक्यांतली पोरं सिग्नलसाठी डोंगर चढत होती. आमच्या वाड्यावरची पोरं छत्र्या घेऊन सड्यावर बसायची. माझा मुलगा तेव्हा आठवीत. त्याला गणित किती आलं ते देवाला ठाऊक, पण पायाला लागलेल्या जळवा मिठाने कशा सोडवायच्या ते पक्कं आलं.

आता कुणी म्हणेल, फायबर तर गावात होतंच. होतं की. पंचायत कचेरीत होतं. केंद्र सरकारने २०११ साली देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर न्यायची योजना मंजूर केली, तिचंच पुढे भारतनेट झालं. पैसा कुठून, तर दूरसंचार कंपन्यांच्या उत्पन्नातला पाच टक्के वाटा ज्या निधीत जमा होतो त्यातून. त्या निधीला आता डिजिटल भारत निधी म्हणतात. म्हणजे वर्षानुवर्षं आपण मोबाइलमध्ये घातलेल्या रिचार्जमधलाच तो पैसा. गोव्यात १९१ पंचायती, आणि राज्याचं स्वतःचं गोवा ब्रॉडबँड नेटवर्कही आहे. पंचायत जोडली की कागदावर गाव जोडला जातो. पण आमची पंचायत कचेरी माझ्या दुकानापासून दोन किलोमीटर, मध्ये ओहोळ, आणि पावसाळ्यात ओहोळाला पाणी आलं की सेक्रेटरीसुद्धा पलीकडेच. सेक्रेटरीच्या टेबलावर इंटरनेट असून माझ्या प्रिंटरला त्याचा उपयोग काय? हे दिल्लीतही कुणाच्या तरी लक्षात आलं असावं, कारण २०२३ साली १ लाख ३९ हजार कोटींचं सुधारित भारतनेट मंजूर झालं, त्यात पंचायतीपलीकडच्या गावांनाही मागणीप्रमाणे जोडायचं आहे. आमच्या वाड्याची मागणी आम्ही त्याआधीच केली होती, पण ती खाजगी कंपनीकडे.

कंपनीने सांगितलं, दहा घरं मिळवा, मग वाड्यावर बॉक्स लावू. मी आणि माझे यजमान पंधरा दिवस संध्याकाळी घरोघर फिरलो. मतं मागायला येतात ना, तसेच. एकाने चहा पाजला आणि नाही म्हणाला. एका आजीने विचारलं, "त्यातून दुबईचो चेडो दिसतलो?" चेडो म्हणजे पोरगा. दिसेल म्हटलं, तिने लगेच आधार कार्ड काढून दिलं. शेवटी तेरा घरं झाली.

खर्चाचं नीट ऐका, कारण पत्रकावर वेगळं असतं आणि हातात वेगळं पडतं. शंभर एमबीपीएस वेगाचा प्लॅन ५९९ रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ७०६ रुपये ८२ पैसे. पण महिन्याचे घेत नाहीत, सहा महिन्यांचे एकदम घेतात: ४,२४० रुपये ९२ पैसे. वर बसवण्याचे १,५०० आणि मोडेमची अनामत १,०००. पहिल्या दिवशी घरातून पावणेसात हजारांच्या आसपास गेले. काजूचे पैसे हातात यायच्या आधीचा फेब्रुवारी होता, त्यामुळे ते मला जरा जास्तच आठवतात.

वायर ओढायला दोन पोरं आली. जांभा दगड आणि अभयारण्याची हद्द, म्हणून जमीन खणायचा प्रश्नच नव्हता. वाड्याच्या तोंडापर्यंत विजेच्या खांबांवरून आणि तिथून पुढे कुळागरातून, म्हणजे पोफळीच्या बागेतून, पोफळीला पोफळ धरून. काळी चपटी वायर, आत दोन्ही बाजूंना कडक काड्या आणि मध्ये केसाएवढी काच. माझे यजमान म्हणाले, "एवढ्याशा दोऱ्यावर चार हजार?" पोरगा हसला. त्याने मशीन उघडलं, दोन काचांची टोकं समोरासमोर ठेवली, छोट्या पडद्यावर ती मोठी दिसली, एक ठिणगी पडली आणि दोन्हींची एक झाली. सोनाराच्या दुकानात डाग लावतात ते मी लहानपणापासून बघितलंय. हे त्याहून नाजूक काम.

मग त्याने खिशातलं उजेड मोजायचं मीटर लावलं आणि म्हणाला, "मायनस एकवीस. छान." हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल. वाळपईच्या कार्यालयातल्या मशीनमधून उजेड निघतो आणि वाटेत जोड, बॉक्स आणि वळणं उजेड खात खात इथे पोचतात. आकडा तीनने खाली गेला की उजेड निम्मा. मायनस सत्तावीस-अठ्ठावीसच्या खाली मोडेमला दिसेनासं होतं आणि लाल दिवा लागतो. वाड्यावर आता शाळकरी पोरंसुद्धा विचारतात, "तुमची पॉवर किती येते?" पूर्वी म्हाताऱ्या एकमेकींना बीपी विचारायच्या, तसं.

वेगाबद्दल फार लिहीत नाही, कारण त्यात तक्रार नाही. वायर थेट कंप्युटरला लावली तर पंचाण्णवच्या वर. वायफायवर दुकानात ऐंशी-नव्वद, आणि हातभर जाडीच्या चिऱ्याच्या भिंतीपलीकडे स्वयंपाकघरात पंधरा. भिंती सिमेंटच्या पातळ असतील तर एवढं नाही व्हायचं. मोडेम कुठे लावायचा ते पोरं येण्याआधी ठरवून ठेवा. ती घाईत असतात, दाराजवळचा पहिला खिळा धरतात. आणि एक गंमत सांगते. सरकारी अर्जांना फोटो लागतो शंभर केबीच्या आतला. शंभर एमबीपीएसची वायर आणून मी दिवसभर लोकांचे फोटो बारीक करत बसते.

रात्री नऊ ते अकरा वेग पडतो, विशेषतः क्रिकेट असलं की. मला वाटायचं शेजारी जास्त खेचतात. मुलगा आता डिप्लोमाला आहे, त्याने हिशोब मांडला: वाळपईतून आमच्याकडे येणाऱ्या एका काचेत अडीच हजार एमबीपीएसच्या आसपास मावतं, आम्ही तेरा घरांनी सगळे नळ उघडले तरी तेराशे. म्हणजे अडतं ते वाळपईच्या मागे. कंपनी पुढून जेवढं विकते तेवढं मागून विकत घेत नाही. घेण्याआधी विचारायचा हा पहिला प्रश्न: मागून फीड किती? उत्तर देणार नाहीत, पण विचारल्यावर तोंड कसं होतं ते बघा.

विजेच्या बाबतीत मात्र या फायबरने मला खरंच जिंकलं. इथे वारा सुटला की लाइट जाते. आधी शेजारच्या वाड्यावर एका केबलवाल्याचं नेट होतं. त्याने मध्येच कुणाच्या तरी पडवीत स्विच ठेवलेला, त्या घरची लाइट गेली की पुढची सहा घरं ठप्प. या नव्या पद्धतीत वाळपई ते माझं दुकान, अकरा किलोमीटरमध्ये कुठेही वीज लागत नाही. बॉक्समध्ये नुसती काच उजेडाची वाटणी करते. तिकडे त्यांची बॅटरी आणि इकडे माझा बाराशे रुपयांचा छोटा यूपीएस, की अडीच-तीन तास चालतं. मागच्या जूनमध्ये पूर्ण वाडा काळोखात, फ्रिज बंद, पंखे बंद, आणि मी मेणबत्तीच्या उजेडात लॅपटॉपवर एकाचा अर्ज भरत होते. शेवटची तारीख होती. तो माणूस अजून दुकानात आला की ते आठवण काढून सांगतो, उधारी मात्र आठवत नाही.

आता जुलै.

पहिल्या पावसाळ्यात, जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, रात्री फणसाची फांदी पडली. आवाज आला तेव्हाच मी म्हटलं, गेलं. मोडेमवर लाल दिवा. सकाळी तक्रारीच्या नंबरवर फोन लावला. हिंदीत एक बाई बोलते, एक दाबा, दोन दाबा. तक्रार नोंदवली. दुपारी मेसेज आला की तुमची तक्रार सोडवण्यात आली आहे. लाल दिवा तसाच. पुन्हा नोंदवली, पुन्हा सोडवण्यात आली. असं चार वेळा. पाचव्या दिवशी मी वायर ओढायला आलेल्या पोराचा नंबर शोधून काढला आणि थेट त्यालाच फोन केला. तो होंडा गावचा. म्हणाला, "वहिनी, फांदी पडल्याचं मला पहिल्याच दिवशी कळलंय. पण मशीन साखळी गावात आहे."

अकरा दिवस लागले त्याचं कारण एवढंच होतं. काच जोडायचं मशीन एक, पोरं तीन, आणि भाग केरी गावापासून इथपर्यंत. मशीन महाग, म्हणून कंपनी दुसरं घेत नाही. पाऊस पडला की सगळीकडे एकदमच तुटतं आणि मशीन रांगेत फिरतं. नवव्या दिवशी तो मशीनशिवायच आला, हाताने बसवायचा तात्पुरता कनेक्टर लावून गेला. मीटरवर मायनस सत्तावीस. नेट आलं, मी देवापुढे दिवा लावला, आणि दुसऱ्या दिवशी पावसाचं पाणी आत गेल्यावर पुन्हा लाल.

अकराव्या दिवशी संध्याकाळी मशीन आलं. ताडपत्रीत गुंडाळून, बाळासारखं. ओल चालत नाही, म्हणून यजमानांनी वरून ताडपत्री धरली, मी छत्री, मुलाने टॉर्च. फांदीजवळचा तुकडा जोडला तरी दिवा लालच. मग पोराने बॉक्सच्या बाजूने लाल लेझरचं पेन लावलं आणि म्हणाला, टॉर्च बंद करा. काळोख झाला. कुळागरात वर बघत आम्ही चौघं चाललो, आणि पुढच्या फणसाच्या दुबेळक्यात, पानांच्या आत, निखारा फुंकल्यासारखा एक लाल ठिपका दिसला. तिथून उजेड गळत होता. फांदी पडताना झटका तिथे बसला होता. वरची वायर जशीच्या तशी, आत काच चिरलेली. मी इतकी वर्षं त्या कुळागरात वावरते, पण त्या रात्रीसारखं ते मला कधी दिसलं नव्हतं.

रात्री साडेआठला हिरवा दिवा लागला. मायनस तेवीस. पोराला जेवायला वाढलं, बांगड्याचं हुमण आणि भात. त्याने सांगितलं की अजून दोन ठिकाणी जायचंय.

अकरा दिवस नेट नव्हतं त्याचे पैसे परत मागितले. पाच दिवस वाढवून दिले. कारण त्यांच्या खात्यात तक्रार मध्ये मध्ये "सोडवली" होती ना! तेव्हापासून मी प्रत्येक मेसेजचा आणि लाल दिव्याचा फोटो काढून ठेवते, तारखेसकट. या वर्षी तीन दिवस गेलं, तीनाचे तीन मिळाले.

बाकीच्या मोडतोडीत कंपनीचा दोष नाही, आपलाच आहे. नारळ काढणाऱ्या पाडेलीने नारळाचा घड नेमका वायरवर सोडला. बुरशीसाठी पोफळींवर बोर्डोचं औषध मारायला आले, त्यांच्या पाइपने वायर ओढली गेली. आणि एकदा माझ्याच हातून. जास्तीची वायर लोंबकळत होती, म्हणून मी ती नीट गुंडाळून खिळ्याला करकचून अडकवली. दिसायला सुबक. नेट बंद. काच फार वाकवली की उजेड वळणावरच बाहेर पडतो, हे मला पोराने न हसता समजावलं, म्हणून मी त्याला चांगला मानते. वेटोळं निदान ताटाएवढं ठेवायचं. माकडांनाही लोक नावं ठेवतात, पण माझ्या वायरीचं त्यांनी अजून काही केलेलं नाही.

मे महिन्यातल्या गडगडाटात मोडेम मात्र जळला. काचेतून वीज येत नाही हे खरं, पण ती आली प्लगातून. नव्या मोडेमचे १,८०० घेतले, अनामतीतून वळते करून वरचे आठशे रोख. ढग दिसले की प्लग काढा, एवढंच सांगू शकते. मी आता सासूबाईंनाच ते काम दिलंय, त्यांचे गुडघे हवामान खात्याच्या आधी सांगतात.

मग घ्यायचं का? मी दर वेळी नूतनीकरण केलं आहे, पुढेही करीन. दुकानाची कमाई किती वाढली ते सांगणार नाही, पण वाळपईला फक्त अर्ज भरायला जाणारी बस माझ्या वाड्यावरून आता जरा रिकामी जाते. दहावीच्या निकालाला पोरं सड्यावर गेली नाहीत, माझ्या दुकानासमोर उभी राहिली आणि निम्मी तिथेच रडली. दुबईचा चेडो आजीला रोज रात्री दिसतो. ती त्याला आता वैतागून सांगते, रोज काय फोन करतोस, कामाला जा.

पण सही करण्याआधी दुसरा प्रश्न विचारा: जोडायचं मशीन कुठे ठेवता आणि किती आहेत? आणि तिसरा: वाळपईहून वायर एकाच वाटेने येते की दुसऱ्या बाजूनेही? आमची एकाच वाटेने येते. नव्या भारतनेटमध्ये पंचायतींची वायर वर्तुळात फिरवायची आहे, म्हणजे एकीकडे तुटली तर दुसरीकडून चालू राहते. आमच्याकडे ओहोळापलीकडून तशी दुसरी बाजू जोडणं सोपं आहे, पंचायतीपर्यंत फायबर आहेच. दोन वायरींमध्ये फक्त दोन किलोमीटर आणि दोन मालक. यावर ग्रामसभेत विषय मांडला होता. नोंद झाली असं सांगितलं. मी फोटो काढून ठेवला आहे.

ओहोळापलीकडच्या वरच्या वाड्याला कंपनी म्हणते, चारशे मीटर वायर जास्त लागेल, आठ घरं मिळवा. सहा झाली आहेत. दोन हवीत. ज्यांना हवं त्यांनी दुकानात येऊन नाव लिहून जावं. आधारची झेरॉक्स घरून आणू नका, ती इथेच काढायची, दोन रुपये.